सावळ्या त्वचेवरचे डाग, काळवंडलेली मान आणि केसगळती: आधी काय करावे?

तुम्ही लिहिले आहे की रंग सावळा आहे, मुरुमे बरी झाली तरी त्यांचे काळे डाग महिनोन्‌महिने जात नाहीत, मैत्रिणीने दिलेल्या क्रीमने चेहरा आधी उजळला पण ती बंद करताच लाल होऊन जळजळू लागला, मान काळी पडत चालली आहे आणि डेंग्यूनंतर केसांचे पुंजके निघत आहेत. घोडबंदर रोडला टँकरचे पाणी येते, त्याचा हा परिणाम आहे का आणि आता कोणती क्रीम लावावी, असा तुमचा प्रश्न आहे. मी ऐरोलीत औषधांचे दुकान चालवणारी फार्मासिस्ट आहे. निदान करणे त्वचारोगतज्ज्ञांचे काम आहे. पण अशा ट्यूबमध्ये काय असते ते मी रोज पाहते, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

ट्यूबवरची बारीक अक्षरे वाचा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादे नाव दिसले तर त्यात स्टेरॉइड आहे. सोबत हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन छापलेले असेल, तर ते वांगासाठी डॉक्टरांनी काही आठवड्यांपुरते, देखरेखीखाली द्यायचे औषध आहे. गोरे दिसण्यासाठी रोज लावायचे नव्हे. स्टेरॉइडने दाह दबतो आणि रंग काही काळ फिका दिसतो, म्हणून सुरुवातीला सगळ्यांनाच गुण आल्यासारखे वाटते. पुढे मात्र त्वचा पातळ होते, गालांवर बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, लव वाढते, मुरुमे उसळतात, आणि ट्यूब थांबवली की तुम्हाला होते तशी आग होते. ती आग सहन होत नाही म्हणून माणूस पुन्हा तीच ट्यूब उघडतो आणि त्यातच अडकतो. 2018 साली केंद्र सरकारने अशी मलमे चिठ्ठीशिवाय विकण्याची सवलत काढून घेतली, तरीही मोबाइलवर डब्याचा फोटो दाखवून "हीच द्या" म्हणणारे दुकानात येतच राहतात, आणि नकार दिला की पुढच्या दुकानाकडे वळतात. त्यांत कॉलेजच्या मुली बघितल्या की मला फार वाईट वाटते. तुम्ही आता ती क्रीम आपल्या मनाने पुन्हा सुरू करू नका; रिकामी का होईना, ट्यूब पिशवीत टाकून डॉक्टरांकडे न्या. खासगी दवाखान्याची फी जड जात असेल तर कळव्याला महापालिकेच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात दाखवता येईल. घटकांची यादीच नसलेली डबी असेल तर ती वापरूच नका. अशा काही क्रीममध्ये पारा सापडलेला आहे आणि तो मूत्रपिंडाला इजा करतो.

हीच मलमे लोक जांघेतल्या गजकर्णावर चोळतात. आपल्याकडच्या दमट हवेत बुरशीला तसेही निमित्त पुरते. खाज थांबते, कडा पुसट होतात, पण बुरशी आतल्या आत पसरत राहते आणि मग डॉक्टरांनाही ओळखणे कठीण जाते.

आता डागांविषयी. गोऱ्या आणि सावळ्या माणसाच्या त्वचेत रंग तयार करणाऱ्या पेशींची संख्या साधारण सारखीच असते. सावळ्या त्वचेत त्या मेलॅनिन हे रंगद्रव्य अधिक तयार करतात, आणि मुरूम, डास चावणे, भाजणे, वॅक्सिंग अशा कोणत्याही दाहाने त्या आणखी चेतवल्या जातात. शिवाय आपल्या त्वचेवर दाह बहुधा लालभडक दिसत नाही, जांभळट किंवा गडद तपकिरी दिसतो, त्यामुळे अनेकांना डाग पडेपर्यंत दाह होता हेच कळलेले नसते. म्हणून डाग घालवण्याच्या आधी नवे मुरूम थांबवणे महत्त्वाचे. फोडणे, लिंबू चोळणे, टूथपेस्ट लावणे, खरखरीत स्क्रब, हे सगळे नवा दाह निर्माण करते. अ‍ॅझेलेइक अ‍ॅसिड, अ‍ॅडापलीन यांसारखी औषधे मुरूम आणि डाग दोन्हींवर काम करतात, परंतु तुमचा चेहरा आधी शांत व्हायला हवा, त्यामुळे ती कधी सुरू करायची हे डॉक्टरांनाच ठरवू द्या. गरोदरपणात अ‍ॅडापलीन टाळतात. सनस्क्रीन मात्र हवेच. डाग आणि वांग केवळ अतिनील किरणांनी नव्हे, तर डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशानेही गडद होतात, म्हणून आयर्न ऑक्साइड असलेले, किंचित त्वचेच्या रंगाचे सनस्क्रीन सावळ्या त्वचेला अधिक उपयोगी पडते. वरवरचे तपकिरी डाग काही महिन्यांत फिकटतात. राखाडी, निळसर झाक असलेले खोलवर असतात आणि त्यांना वर्षेही लागू शकतात.

मानेचा काळेपणा जाडसर, मखमलीसारखा लागत असेल आणि काखेतही असेल, तर तो मळ नव्हे आणि उन्हाचाही नव्हे. बहुतेक वेळा शरीर इन्शुलिनला नीट दाद देत नाही याची ती खूण असते. घासून तो जात नाही, उलट वाढतो. एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली रक्तातली सरासरी साखर) तपासून घ्या, पाळी अनियमित असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. वजन थोडे उतरले तरी मान हळूहळू निवळते.

तुम्ही विचारलेले नाही, तरी लिहिते. टिकलीच्या जागी बरोबर तेवढाच पांढरट गोल दिसू लागला तर टिकली त्याच दिवशी बंद करावी. काही टिकल्यांच्या चिकटद्रव्यातले रसायन रंगपेशींनाच मारते. आणि अंगावरच्या फिकट चट्ट्यावर स्पर्श किंवा गरम-गार कळत नसेल, तर शिबे समजून घरी मलम लावत बसू नये. तो कुष्ठरोग असू शकतो. त्याचे औषध सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळते आणि वेळेवर घेतल्यास रोग पूर्ण बरा होतो.

केसांचे कारण पाणी नसावे. टँकरच्या किंवा बोअरच्या जड पाण्याने केस राठ होतात, मधूनच तुटतात, मुळापासून सुटत नाहीत. गळलेला एक केस उजेडात धरून पाहा. टोकाला बारीक पांढरा कंद दिसला तर तो मुळापासून आला आहे. डेंग्यू, टायफॉइड, बाळंतपण यांच्यानंतर साधारण दोन-तीन महिन्यांनी अशी गळती सुरू होते आणि बहुधा सहा महिन्यांत आपोआप थांबते. तोवर हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड तपासा, जेवणात डाळी, अंडी वाढवा. कोंडा असेल तर तेल थापू नका. कीटोकोनॅझोल या बुरशीविरोधी औषधाचा शॅम्पू पाच मिनिटे टाळूवर ठेवून धुवा. केस ओढून घट्ट बांधण्याची सवय असेल तर ती सोडा, कारण रोजच्या ताणाने कपाळाकडचे आणि कानशिलावरचे केस कायमचे विरळ होऊ शकतात. एखाद्या जागी टाळू गुळगुळीत, चकचकीत झाली असेल आणि तिथे केसांची छिद्रेच दिसत नसतील, तर मात्र सहा महिने वाट पाहू नका. त्या प्रकारात गेलेले केस परत येत नाहीत, उरलेले तेवढे उपचाराने वाचवता येतात.