बोर्डावर नाव आहे, मीटिंगला बोलावत नाहीत

प्रश्न : काका, नमस्कार. मी नांदेड जिल्ह्यातला, सात वर्षं पुण्यात परांची बांधतो. सध्या म्हाळुंग्याला बावीस मजल्यांच्या बिल्डिंगवर आहे. आम्ही परांचीवाले अठरा जण, साइटवर सगळे मिळून सहाशेच्या वर. गेल्या महिन्यात गेटजवळ सेफ्टी कमिटीची यादी लागली. मालकाकडचे चार आणि 'कामगार प्रतिनिधी' चार. त्या चारांत एक नाव माझं, एक आमच्या मुकादमाचं. मला कुणी विचारलं नाही, मीटिंगला बोलावलं नाही. मुकादम म्हणतो, तुझी सही मी केली, तू कामाकडे बघ. उद्या काही झालं तर मी अडकेन का? आणि गेलोच मीटिंगला, तर इंजिनीअर लोकांसमोर बोलायचं काय? नाव छापू नका.
(एक परांचीवाला, म्हाळुंगे)

उत्तर : आधी तुमची भीती. कमिटीत नाव आलं म्हणून परांचीची जबाबदारी तुमच्या गळ्यात पडत नाही. कामाची जागा सुरक्षित ठेवणं हे मालकाचं आणि कंत्राटदाराचं काम. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यात तसंच होतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी व्यावसायिक सुरक्षेची २०२० ची संहिता आली, तिच्यातही तसंच आहे. पण तुमच्या नावाने दुसऱ्याने केलेली सही खपवून घेऊ नका. सेफ्टी ऑफिसरला चार ओळी लिहून द्या : मागच्या मीटिंगच्या कागदावरची सही माझी नाही, तो कागद मला दाखवा, पुढच्या मीटिंगची तारीख कळवा. खाली तारीख टाका आणि देण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. जाताना एकटे जाऊ नका, गँगमधल्या दोघांना सोबत न्या. आवाज चढवायची गरज नाही.

आता मुकादमाचं. कमिटीत कामगारांचे प्रतिनिधी मालकाच्या प्रतिनिधींपेक्षा कमी असता कामा नयेत, हे जुन्या कायद्यातही होतं, नव्या संहितेतही आहे. म्हणून चाराला चार दाखवायला चौथं नाव मुकादमाचं घालतात. पण जो माणसं पुरवतो तो कायद्याच्या व्याख्येत कंत्राटदार, आणि कंत्राटदार मालकाच्या बाजूला धरला जातो. तुमचा मुकादम गावाहून माणसं आणत असेल, तुमच्या हजेरीमागे पैसे घेत असेल, तर तो कामगारांचा प्रतिनिधी होऊच शकत नाही. माणूस म्हणून तो चांगला असेल, अडीनडीला उचल देत असेल, ते वेगळं. तुमच्या बोर्डावर आज तिकडे पाच आणि इकडे तीन अशी मोजणी आहे. हे सेफ्टी ऑफिसरला सांगा, त्याला ते ठाऊक असतं.

मी एवढ्या आग्रहाने का लिहितोय, ते सांगतो. १९८९ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, मी वाशांच्या परांचीवर चढलो. काथ्याने गाठी मारून हाताला घट्टे पडायचे. मग पाइप आणि क्लॅम्प आले, पुढे मी सेफ्टीचा कोर्स केला आणि ऑफिसर झालो. २००८ चा जून. बाणेरची एक साइट, बाहेरून प्लास्टर चालू. सकाळी आठला मी वरपर्यंत चढलो, परांची भिंतीला बांधून ठेवणारे टाय हलवून पाहिले, खाली येऊन हिरव्या टॅगवर, म्हणजे परांची वापरायला ठीक असल्याच्या चिठ्ठीवर, सही केली. साडेदहाच्या सुमाराला खिडक्यांच्या फ्रेम बसवणारी पोरं आली. टायचे पाइप खिडक्यांच्या गाळ्यातून गेलेले, फ्रेम बसेना. त्यांनी तीन मजल्यांवरचे टाय सोडले. आमच्या एका परांचीवाल्याने चहाच्या सुट्टीत ते पाहिलं आणि मुकादमाला सांगितलं. मुकादम म्हणाला, संध्याकाळी बघू. दुपारी वळवाचं वारं सुटलं. परांचीला हिरवी जाळी लावलेली, ती शिडासारखी फुगली. सगळा सांगाडा भिंतीपासून सुटला आणि चौथ्या मजल्यावरचा प्लास्टरवाला खाली आला. जीव वाचला, मणका गेला. बेल्ट त्याच्या अंगात होता, पण हूक त्याच परांचीच्या पाइपला.

नंतर मी वर गेलो तेव्हा खिडकीच्या कट्ट्यावर टायच्या क्लॅम्पचे बोल्ट ओळीने मांडून ठेवलेले दिसले, प्रत्येकाशेजारी त्याचा नट. त्या पोरांना फ्रेम बसल्यावर टाय परत लावायचे होते. कुणीच बेपर्वा नव्हतं. टाय सुटल्याचं ज्याला माहीत होतं, त्याची गोष्ट माझ्यापर्यंत पोचायला एकच वाट होती आणि ती मुकादमावरून जात होती. आमच्याही कमिटीत कामगारांच्या जागेवर मुकादमच होता. परांचीवाल्याला थेट माझ्याकडे यायची मुभा आहे, हे मी कधी त्याला सांगितलंही नव्हतं. ती चूक माझी. ती मी आजही विसरलेलो नाही.

म्हणून मीटिंगमध्ये सगळ्यात आधी टायचं बोला. परांचीचा टाय सोडायचा तर फक्त परांचीवाल्याने, आणि दुसरीकडे बदली टाय लावल्यावरच. फ्रेमवाले, प्लंबर, एसीवाले, कुणीही परस्पर पाना लावायचा नाही. हे मीटिंगच्या कागदावर उतरवून घ्या आणि सगळ्या ठेकेदारांना वाचून दाखवायला सांगा. याबद्दल तुम्हाला इंजिनीअरपेक्षा जास्त कळतं. बोलताना बिचकू नका, पाइप कुठला आणि मजला कितवा ते सांगा.

दुसरं पावसाचं. बेसप्लेट, म्हणजे उभ्या पाइपाखालची लोखंडी पाटी, भरावावर टेकलेली असेल, तर एका रात्रीच्या पावसात एखादा उभा पाइप दोन बोटं खाली बसतो आणि वरचा सगळा भार शेजारच्या पाइपावर जातो. खालून बघणाऱ्याला ते दिसत नाही, परांचीवर चाललं की पायाला कळतं. म्हणून मोठा पाऊस किंवा वारा झाला की जुना टॅग रद्द, नवी तपासणी आणि मगच माणसं वर. ब्रिटनमध्ये बांधकामावरची परांची वापरण्याआधी तपासतात, नंतर दर सात दिवसांनी तपासावीच लागते, आणि हवामानाने धक्का बसला तर पुन्हा. तिथे १९७७ च्या नियमांनी युनियनने नेमलेल्या सुरक्षा प्रतिनिधीला या कामासाठी पगारी वेळ द्यावा लागतो. तुम्हीही मागा : मीटिंगच्या तासाची हजेरी कापायची नाही.

टॅगवर सही करणाऱ्याने वर चढूनच सही करावी, सोबत तुमच्यापैकी एक जण असावा, हेही बोलून घ्या.

मीटिंगची वाट बघण्याइतका वेळ नसेल तेव्हा काय? नव्या संहितेत प्रत्येक कामगाराला हक्क आहे. जिवावर बेतेल असं काही दिसलं तर थेट मालकाला किंवा कमिटीतल्या सदस्यामार्फत सांगायचं, त्याच वेळी सरकारी निरीक्षकालाही कळवायचं. मालकाला लगेच उपाय करावा लागतो. तुमच्या साइटवर तो कमिटीतला सदस्य म्हणजे तुम्ही. रंगाऱ्यापासून बिगाऱ्यापर्यंत कुणीही तुमच्याकडे येऊ शकतो, हे त्यांना माहीत करून द्या. बिहार-बंगालची पोरं मराठी बोर्ड वाचत नाहीत. मीटिंगच्या आदल्या रात्री कॅम्पात त्यांच्या खोल्यांवर जा, हिंदीत विचारा, वहीत लिहून घ्या. सकाळच्या टीबीटीला, म्हणजे काम सुरू होण्याआधी सुरक्षेवर बोलतात त्या छोट्या बैठकीला, हात वर करून चार माणसं निवडायला पाच मिनिटं लागतात. तुमचंच नाव आलं तर उत्तम. मग ते नाव तुमच्या माणसांनी दिलेलं असेल.

बालेवाडीला जुलै २०१६ मध्ये स्लॅब कोसळून नऊ मजूर गेले. येरवड्याला फेब्रुवारी २०२२ मध्ये रात्रीच्या कामात लोखंडी जाळी कोसळून पाच गेले. मजुरांची नावं आणि गावं लोकांनी वाचली ती दुसऱ्या दिवशीच्या पेपरात. तुमचं नाव आज बोर्डावर आहे. ते तिथे खरं करून घ्या, एवढीच माझी कळकळीची विनंती.

युनियनबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगून ठेवतो. नोंदणीचा अर्ज सात कामगार करू शकतात, पण एकूण कामगारांच्या दहा टक्के किंवा शंभर, यांतलं जे कमी असेल तेवढे सभासद लागतात. सहाशेला साठ. आणि अठराही जणांची बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी झाली आहे का, ते बघा. वर्षातले नव्वद दिवस काम आणि वय अठरा ते साठ, एवढं पुरतं.

प्रश्न : आमच्या चार मजली सोसायटीला रंग द्यायचाय. कंत्राटदार परांची बांधत नाही, झुल्यावर माणसं सोडतो. जिवाला घोर लागतो. आम्ही सभासदांनी काय बघावं?
(सोसायटीच्या सचिव, कोथरूड)

उत्तर : ताई, घोर लागतो तर काम थांबवून विचारा, तो हक्क तुमचा आहे. चार मजल्यांना परांची बांधता येते, तिचं वेगळं कोटेशन मागवा, फरक सभासदांसमोर ठेवा. माझं मत परांचीच्या बाजूने आहे. झुलाच वापरणार असतील तर माणूस खाली सुटायच्या आधी गच्चीवर जा. झुल्याचा दोर आणि बेल्टची लाइफलाइन (बेल्ट अडकवायचा वेगळा दोर) वेगवेगळ्या ठिकाणी बांधलेली हवी. सोलरच्या स्टँडला किंवा टाकीच्या पाइपला बांधलं असेल तर काम सुरू करू देऊ नका. कठड्याच्या धारेवर दोर घासतो, तिथे जाड गोणपाट किंवा कापलेला टायर घातलाय का ते पाहा. आणि ही विचारपूस कंत्राटदाराकडे नको. झुल्यावर बसणाऱ्या मुलालाच वर बोलवा, पाणी द्या, आणि त्यालाच विचारा, दोर कुठे बांधलायस, मला दाखव.