शाकीय (पाने-खोडाच्या) वाढीसाठी एलईडी दिवा कसा निवडावा?

प्रश्न : उजेड नसलेल्या खोलीत मी टोमॅटो आणि मिरचीची रोपे वाढवतो. खोक्यावर ‘१००० वॅट’ असे छापलेला जांभळा एलईडी दिवा रोपांपासून तीन फुटांवर टांगलेला आहे, तरीही रोपे लांबट होऊन कलंडतात. नवा दिवा घेताना रंग पाहावा की वॅट? तो रोज किती तास लावावा?

उत्तर : दोन पानांमधले पेर लांबणे आणि खोड बारीक राहणे ही प्रकाश अपुरा पडत असल्याची खूण आहे. जांभळ्या रंगाचा त्यात फारसा दोष नसावा. मला शंका आहे ती खोक्यावरच्या आकड्याची आणि तीन फुटांच्या अंतराची.

असा ‘१००० वॅट’ बहुधा जुन्या सोडियम दिव्याशी केलेल्या तुलनेचा किंवा चिपच्या कमाल क्षमतेचा असतो. दिवा प्रत्यक्षात किती वीज घेतो हे त्याच्या मागच्या पट्टीवर लिहिलेले असते आणि तो आकडा कित्येकदा १०० वॅटच्या आसपास निघतो. ल्यूमेनही येथे उपयोगाचे नाही, कारण ते माणसाच्या डोळ्याला किती उजळ दिसते त्याचे माप आहे, आणि आपल्या डोळ्याला हिरवा प्रकाश सर्वाधिक जाणवतो. वनस्पतीसाठी पाहायचे ते पीपीएफडी, म्हणजे ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश एका चौरस मीटरवर दर सेकंदाला किती मायक्रोमोल (प्रकाशकणांच्या मोजणीचे एकक) पडतो ते. कोवळ्या रोपांना १०० ते २०० पुरतो. पाने भराभर फुटू लागली की टोमॅटो-मिरचीला ३०० ते ४०० असावा. चांगला दिवा एका ज्यूल विजेतून २.५ मायक्रोमोल किंवा त्याहून अधिक प्रकाश देतो. म्हणजे खरोखर १०० वॅट (दर सेकंदाला १०० ज्यूल) घेणारा असा दिवा दर सेकंदाला २५० मायक्रोमोल देईल. हा प्रकाश अर्ध्या चौरस मीटरवर पसरला तर हिशेबाने ५०० पीपीएफडी होतो आणि भिंतींकडे वाया जाणारा भाग वजा केला तरी आपले काम भागते. एवढ्याच दिव्याखाली दोन चौरस मीटर कुंड्या मांडल्या, तर मात्र रोपे पुन्हा लांबतील.

रंगाबाबत माझा कौल पांढऱ्या दिव्याला आहे. हरितद्रव्य लाल आणि निळा प्रकाश अधिक शोषते, म्हणून जांभळे दिवे निघाले. पण हिरवा प्रकाश वाया जात नाही, तो वरच्या पानांतून झिरपून खालच्या पानांपर्यंत पोहोचतो. पांढरा एलईडी हा मुळात फॉस्फरचा (निळ्या प्रकाशाचा काही भाग इतर रंगांत बदलणाऱ्या पदार्थाचा) थर दिलेला निळा एलईडीच असतो, आणि निळा प्रकाश पेरे आखूड ठेवतो, म्हणून शाकीय वाढीला ४००० ते ६५०० केल्विनचा (केल्विन हे उजेडाच्या रंगछटेचे माप; आकडा मोठा तितका निळसरपणा अधिक) पांढरा दिवा मानवतो. जांभळ्या उजेडात पिवळे पडलेले पान किंवा मावा चटकन ओळखू येत नाही, ही अडचण वेगळीच. दिव्यात ७३० नॅनोमीटरच्या दूरलाल प्रकाशाची स्वतंत्र कळ असल्यास ती तूर्त बंद ठेवावी. तो प्रकाश खोड लांबवतो.

दिवा सुमारे दीड फुटावर आणावा, पण एकदम नव्हे, आठवडाभरात हळूहळू. शेंड्याची पाने फिकी पडली किंवा कडा वर वळू लागल्या, तर चार बोटे वर घ्यावा. रोज १४ ते १६ तास पुरेत आणि त्यासाठी टायमर लावावा. दिवा अहोरात्र चालू ठेवल्यास टोमॅटोची पाने पिवळी, ठिपकेदार होतात. आधीच लांबलेली टोमॅटोची रोपे खोडासह खोल लावल्यास मातीत गेलेल्या खोडाला मुळे फुटतात; मिरचीच्या बाबतीत ही युक्ती तितकी साधत नाही.

प्रश्न : याच दिव्याखाली पालक लावता येईल का?

उत्तर : येईल, पण १६ तासांच्या उजेडात नाही. पालक दीर्घदिवसी आहे. दिवस लांबला की पाने वाढवण्याऐवजी तो तुऱ्यावर येतो. त्याला १२ तास द्यावेत, म्हणजे ३०० पीपीएफडीला दिवसाकाठी सुमारे १३ मोल (एक मोल म्हणजे दहा लाख मायक्रोमोल) प्रकाश मिळतो आणि पालकाला तेवढा पुरतो. एकाच टायमरवर दोन्ही पिके चालवायची असतील, तर पालकावर चार तास आधी जाड, काळे कापड टाकावे लागेल.