साबणाने कपड्यातला मळ नेमका कसा निघतो? फेस जास्त झाला की कपडे जास्त स्वच्छ होतात का?

फेसाचं आधी सांगतो. फेसावरून सफाई मोजता येत नाही. अगदी कमी फेस करणाऱ्या पावडरीनेही कपडे छान निघतात. खरं काम फेसाखालच्या पाण्यात चालतं.

मी मुलांना विज्ञान शिकवतो, तेव्हा एक गोष्ट हमखास करून दाखवतो. सुती कापडावर मेणबत्ती घासायची आणि तिथे पाण्याचा थेंब सोडायचा. थेंब मोत्यासारखा टरारून बसतो, आत शिरत नाही. मग साबणाच्या पाण्यात बुडवलेली काडी त्याला नुसती टेकवायची. थेंब बसतो आणि पसरतो! पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात, तो पृष्ठताण साबणाने निम्म्याहून कमी होतो. कॉलरवरच्या मेणचट मळाखाली पाणी शिरतं ते यामुळेच.

पुढचा भाग मला सगळ्यात सुंदर वाटतो. साबणाच्या रेणूचं डोकं पाण्याकडे ओढ घेतं. त्याची कार्बनची लांब शेपटी मात्र पाणी टाळते आणि तेलात घुसते. अशा असंख्य शेपट्या रुतल्या की धाग्यावर पसरलेला तेलकट थर कडांकडून सुटू लागतो, आवळत जाऊन त्याची गोळी होते. घासल्यावर, चुबकल्यावर ती धाग्यावरून निसटते. तिच्याभोवती साबणाचे रेणू डोकी बाहेर काढून उभे असतात आणि त्या डोक्यांवर ऋण विद्युतभार असतो. साबणाच्या पाण्यात सुती धाग्यावरही ऋणच भार असतो. त्यामुळे गोळ्या एकमेकींना चिकटत नाहीत आणि निघालेला मळ परत कापडावर सहजी बसत नाही. धूळ, काजळीही बहुतेक या तेलाला धरूनच बसलेली असते, तीही सोबत जाते.

पाणी जड असेल तर मात्र गणित बिघडतं. त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी संयोग पावून न विरघळणारा साका तयार करतात. साबण तिथेच खर्ची पडतो आणि पांढरे कपडे हळूहळू करडे दिसू लागतात. अशा पाण्यात डिटर्जंट वापरा, त्याचा तसा साका होत नाही.

रक्ताचा डाग वेगळा. तो प्रथिनाचा असल्याने गरम पाण्यात गोठून धाग्यात पक्का बसतो, म्हणून आधी थंड पाण्यातच भिजवा.

आणि खळबळण्यात घाई करू नका. सुटलेला मळ अजून त्याच पाण्यात तरंगत असतो. दुसरं पाणी गढूळ दिसलं, तर कपडे तिसऱ्या पाण्यातून काढा.