तसबिरींची भिंत : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

घरातल्या एका भिंतीवर अनेक तसबिरी एकत्र कशा लावाव्यात, याविषयी गेल्या काही महिन्यांत बरीच पत्रे आली. त्यांतील चार प्रश्न येथे घेतले आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण इतर अनेक पत्रांतील शंकाही त्यातच येऊन जातात.

प्रश्न : साताऱ्याचे आमचे जुने घर गेल्या वर्षी उतरवले. तिथल्या १९ तसबिरी मी पुण्याच्या फ्लॅटमध्ये आणल्या आहेत. त्यांत देवादिकांची रंगीत छापील चित्रे आहेत, पणजोबांपासूनचे कौटुंबिक फोटो आहेत. माझ्या मुलीने काढलेली वारली चित्रे आणि आमच्या सहलींचे फोटोही त्यांच्याबरोबर लावायचे आहेत. दिवाणखान्यातली सोफ्यामागची भिंत १० फूट रुंद आहे. सगळ्यांना एकसारख्या काळ्या फ्रेम करून सरळ ओळींत लावावे, की जुन्या फ्रेम तशाच ठेवून सगळे मिसळून लावावे?
— एक वाचिका, पुणे

उत्तर : पद्धत ठरवण्याआधी ही भिंत कोण, कोठून आणि किती अंतरावरून पाहणार आहे, हे ठरवावे. आमच्या आजोळच्या माजघरात तसबिरी दाराच्या चौकटीच्याही वर, जवळजवळ तुळईला लागून असत, आणि प्रत्येक तसबीर वरच्या अंगाने पुढे झुकलेली असे. घरातली माणसे सतरंजीवर किंवा पाटावर बसत. खाली बसून वर पाहणाऱ्याला चित्र पुरते दिसावे आणि काचेवर उजेडाची तिरीप येऊ नये, म्हणून तो कल मुद्दाम दिलेला असे. साताऱ्याच्या घरातही बहुधा असेच असणार. त्या तसबिरी त्याच उंचीवर, पण भिंतीला सपाट टेकवून फ्लॅटमध्ये लावल्या, तर खुर्चीवर बसणाऱ्याला चित्राऐवजी काचेत ट्यूबलाइट दिसते.

आता तुमच्या भिंतीकडे पाहा. सोफ्यामागची भिंत सोफ्यावर बसलेल्याला दिसत नाही. ती दिसते समोरच्या खुर्चीवरून, जेवणाच्या टेबलावरून आणि दारातून आत येणाऱ्या माणसाला, म्हणजे साधारण ८ ते १२ फुटांवरून. एवढ्या अंतरावरून पणजोबांच्या पोस्टकार्डाएवढ्या फोटोतला चेहरा ओळखू येत नाही. तो फोटो दोन-तीन फुटांवर उभे राहून पाहण्याचा आहे. म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की या सगळ्या तसबिरी एका भिंतीवर लावू नयेत. मोठी छापील चित्रे आणि मुलीची वारली चित्रे दिवाणखान्यात लावावीत, आणि लहान कौटुंबिक फोटो बेडरूमकडे जाणाऱ्या पॅसेजमध्ये लावावेत, जिथे येता-जाता माणूस आपोआप जवळून जातो आणि क्षणभर थांबतो.

एवढे ठरले की पद्धतीचा प्रश्न सोपा होतो. सरळ ओळींची मांडणी एकाच मापाच्या, एकाच जातीच्या चित्रांना शोभते. तुमचे सहलींचे फोटो एका मापात छापून घेतले, तर ९ फोटोंची तीन ओळींची मांडणी उत्तम दिसेल. मात्र तिथे पाव इंचाची चूकही लगेच डोळ्यांत भरते. जुन्या छापील चित्रांना त्या साच्यात बसवू नये. त्यांच्यासाठी लहानमोठ्या चौकटी एकत्र नांदवणारी मिसळीची मांडणीच योग्य आहे. पॅरिसच्या लूव्र राजवाड्यात अठराव्या शतकात भरणाऱ्या प्रदर्शनांत चित्रे अशीच चौकटीला चौकट लावून थेट छतापर्यंत टांगत असत, आणि वरची मोठी चित्रे आपल्या माजघरातल्या तसबिरींसारखीच पुढे झुकवत असत. आपल्याला छतापर्यंत जायचे नाही. पण इतकी वेगवेगळी चित्रे शेजारी-शेजारी राहू शकतात, एवढे त्यातून घ्यावे. मिसळीच्या मांडणीला एक सामाईक धागा मात्र लागतो. तुमच्याकडे तो जुन्या सागवानी चौकटींचा आहे. वारली चित्रांनाही त्याच रंगाची लाकडी पट्टी लावून घ्या आणि सर्वांतले अंतर सारखे, म्हणजे दोन ते अडीच इंच, ठेवा.

माप असे धरावे. सोफा ७ फुटांचा असेल, तर वरच्या संपूर्ण समूहाची रुंदी सुमारे ५ फूट असावी; भिंत १० फुटांची आहे म्हणून ती भरून काढण्याची गरज नाही. सोफ्याच्या पाठीपासून ६ ते ८ इंच जागा सोडून पहिली चौकट सुरू करावी. त्याहून जास्त जागा सोडली, तर तसबिरी आणि सोफा यांचा एकमेकांशी संबंध तुटतो. मोकळ्या भिंतीवर समूहाचा मध्य जमिनीपासून ५७ ते ६० इंचांवर ठेवावा. उभ्या माणसाची नजर साधारण तिथे पडते.

मग प्रत्येक तसबिरीच्या मापाचा वर्तमानपत्राचा कागद कापावा, त्यावर चित्राचे नाव लिहावे आणि सगळे कागद जमिनीवर मांडून पाहावे. सर्वांत मोठे चित्र बरोबर मधोमध न ठेवता किंचित डावीकडे किंवा उजवीकडे ठेवून पाहा, बाकीचे त्याच्याभोवती आपोआप जागा शोधू लागतात. मांडणी पसंत पडली, की कागद मास्किंग टेपने भिंतीवर चिकटवा आणि दोन-तीन दिवस तसेच राहू द्या. सकाळच्या उजेडात, रात्री दिवे लागल्यावर आणि पाहुणे बसलेले असताना, असे तिन्ही वेळा पाहून मगच भिंतीला हात लावावा.

भोक पाडण्याची जागा काढताना बहुतेकांचा हिशेब चुकतो, म्हणून उदाहरण देतो. चौकट २४ इंच उंच आहे आणि तिचा मध्य ५८ इंचांवर हवा आहे, तर तिची वरची कड ७० इंचांवर येईल. मागची दोरी बोटाने ताणून धरा आणि तिचे टोक वरच्या कडेपासून किती खाली येते ते मोजा. ते ३ इंच भरले, तर स्क्रू ६७ इंचांवर हवा. प्रत्येक चौकटीची दोरी वेगळी मोजावी, कारण जुन्या दोऱ्या सारख्या कधीच नसतात. विटांच्या भिंतीला ६ मिलिमीटरचे भोक, त्यात प्लग आणि स्क्रू, एवढे नेहमीच्या तसबिरीला पुरते. स्विचबोर्डाच्या सरळ वर किंवा खाली मात्र भोक पाडू नये, कारण आतली वायर बहुधा त्याच रेषेत गेलेली असते.

छापील चित्रांविषयी एक विनंती आहे. त्यांच्या खालच्या पांढऱ्या पट्टीवर छापखान्याचे नाव आहे का, ते भिंग घेऊन पाहा. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. पुण्याची चित्रशाळा त्याआधीची, १८७८ ची. या छापखान्यांतली चित्रे महाराष्ट्रातल्या घराघरांत पोहोचली होती. चित्र फ्रेममध्ये बसत नाही म्हणून फ्रेमवाला ती पट्टी कापू पाहतो, आणि तिच्याबरोबर चित्राची ओळखच जाते. फ्रेम मोठी करावी, चित्र लहान करू नये. काही चित्रांवर त्या काळच्या बायकांनी जर, टिकल्या किंवा कापडाचे तुकडे चिकटवलेले असतात. ते काढून चित्र ‘स्वच्छ’ करण्याचा मोह टाळावा आणि काच त्यावर दाबली जाणार नाही अशी खोल फ्रेम करून घ्यावी.

प्रश्न : आमचे घर रत्नागिरीजवळ आहे. पावसाळ्यात भिंतींना ओल येते. आजोबांचा एक जुना फोटो फ्रेमच्या काचेला आतून चिकटला आहे. तो सोडवता येईल का? आणि अशा घरात तसबिरींची भिंत करावी का?
— एक वाचक, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : तो फोटो कृपा करून ओढू नका, पाणी लावू नका आणि उष्णताही देऊ नका. जुन्या कृष्णधवल फोटोच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो आणि चित्र त्या थरातच असते. दमट हवेत तो थर मऊ होतो, काचेला धरतो आणि वाळला की घट्ट बसतो. ओढल्यास आजोबांचा चेहरा काचेवर राहील आणि हातात नुसता कागद येईल. काचेसकट फोटो स्कॅन करून घ्या, किंवा पडवीतल्या सावलीच्या उजेडात काचेवर प्रतिबिंब न पडेल अशा कोनातून चांगल्या कॅमेऱ्याने त्याचा फोटो काढा. भिंतीवर ती नवी प्रत लावा आणि मूळ फोटो काचेसह, कागदात गुंडाळून, कोरड्या कपाटात आडवा ठेवा. सोडवायचाच असेल, तर ते काम जुन्या फोटोंच्या जतनाचे शिक्षण घेतलेल्या माणसाचे आहे.

भिंत अवश्य करा, पण ती निवडून करा. नैर्ऋत्येकडून पावसाचा मारा खाणारी बाहेरची भिंत आणि न्हाणीघराला लागून असलेली भिंत वगळा. दोन खोल्यांमधली आतली भिंत घ्या. फोटो आणि काच यांच्यामध्ये माउंट, म्हणजे फोटोभोवतीची जाड कागदाची चौकट, हवीच; तिच्यामुळे दोघांत फट राहते. माउंट आणि पाठीमागचा कागद आम्लरहित मागा, कारण साध्या पुठ्ठ्याने काही वर्षांत फोटोवर तपकिरी डाग पडतात. फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांत बुचाचे किंवा रबराचे लहान तुकडे चिकटवा, म्हणजे भिंत आणि फ्रेम यांमधून हवा खेळत राहते. पावसाळ्यात महिन्यातून एकदा प्रत्येक तसबीर उतरवून मागून पाहावी. बुरशी, कसर आणि वाळवी या तिन्हींची सुरुवात मागूनच होते. जुन्या फ्रेम उघडल्यावर मागे वर्तमानपत्राचा पिवळा कागद सापडतो, तो फेकू नका. त्यावरच्या तारखेवरून फोटो साधारण कधी मढवला असेल, याचा अंदाज येतो. तो कागद वेगळ्या पाकिटात ठेवा, पुन्हा फोटोच्या पाठीशी मात्र लावू नका.

प्रश्न : भाड्याच्या घरात भोके पाडण्यास मालक परवानगी देत नाहीत. चिकटणारे हुक चालतील का?
— एक वाचिका, ठाणे

उत्तर : गुळगुळीत ऑइलपेंटवर किंवा टाइलवर, आणि पाकिटावर लिहिलेल्या वजनाच्या आतच चालतील. डिस्टेंपरवर किंवा चुन्याच्या भिंतीवर हुक रंगाचा पापुद्रा घेऊन खाली येतो. त्यापेक्षा एकच लांब, अरुंद फळी लावण्याची परवानगी मागा, दोन-तीन भोकांत काम होते. त्या फळीवर तसबिरी टेकवून ठेवता येतात आणि मन होईल तेव्हा बदलता येतात. काचेऐवजी ॲक्रिलिक घेतले, तर वजन बरेच कमी होते. तेही शक्य नसेल, तर बुटक्या कपाटावर तीन-चार तसबिरी भिंतीला टेकवून ठेवा. लहान मूल घरात असेल, तर मात्र हा उपाय करू नका.

प्रश्न : सासूबाईंना जाऊन दोन वर्षे झाली. त्यांचा हार घातलेला फोटो दिवाणखान्यात आहे. कुटुंबाच्या फोटोंची भिंत करायची आहे, पण गेलेल्या माणसांचे फोटो हयात माणसांच्या फोटोंत मिसळू नयेत, असे सासरे म्हणतात. माझ्या मुलांना आजी सगळ्यांबरोबर हवी आहे. काय करावे?
— एक वाचिका, नागपूर

उत्तर : सासऱ्यांच्या शब्दाला मान द्यावा आणि मुलांचेही ऐकावे, ही दोन्ही होण्यासारखी आहेत. हार घातलेला फोटो पूजेचा आणि स्मरणाचा आहे. त्याला त्याची स्वतंत्र जागा, पुढे निरांजन ठेवण्यापुरती फळी आणि हात पोहोचेल एवढीच उंची द्या, म्हणजे सासऱ्यांना रोज फूल वाहताना स्टुलावर चढावे लागणार नाही. कौटुंबिक भिंतीवर सासूबाईंचा वेगळा फोटो लावा, ज्यात त्या एकट्या बसलेल्या नाहीत: पापड लाटताना, नातवाला मांडीवर घेऊन, अंगणात शेजारणींशी बोलताना. त्या फोटोला हार घालू नका. तो निवडण्याचे काम सासऱ्यांकडेच सोपवा आणि मुलांना त्यांच्या शेजारी बसवा. मी पाहिलेल्या एका घरात असा अल्बम उघडला, तेव्हा आजोबांनी फोटो तर निवडलाच, शिवाय प्रत्येक फोटोतली माणसे कोण, गाव कोणते, कार्य कुणाचे, हेही सांगितले. ते सांगत असतानाच पेन्सिलने कागदावर लिहून घ्या आणि तो कागद फ्रेमच्या पाठीवर बाहेरून चिकटवा. फोटोच्या पाठीवर बॉलपेनने लिहू नका, दाबाचे वळ पुढच्या बाजूला उमटतात.