विद्यापीठात शोधनिबंधांपलीकडे नेमकं काय तयार होतं?

तुम्ही विचारलंय की प्राध्यापक आणि संशोधक विद्यार्थी शोधनिबंध लिहिण्यापलीकडे करतात तरी काय. मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात जमा होणाऱ्या कामांच्या नोंदी करते, तेव्हा रोज जे हाताखालून जातं त्यावरूनच सांगते.

शोधनिबंध आणि प्रबंध तर ढिगाने येतात. पण त्यांच्यासोबत हस्तलिखितांचे पाठभेद ताडून सिद्ध केलेल्या आवृत्त्या येतात, अनुवाद, नकाशे, संगीतरचना, नेपथ्याचे आराखडे, सॉफ्टवेअर येतं. कविता आणि कादंबऱ्याही येतात. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाने तर 1922 मध्येच पदव्युत्तर पदवीसाठी प्रबंधाच्या जागी सर्जनशील काम स्वीकारायचं ठरवलं होतं.

एकदा एका विद्यार्थिनीने स्वतः बसवलेल्या नृत्याचं चित्रीकरण आणि सोबत एक वही आणून दिली. आमच्या नोंदपत्रकात पृष्ठसंख्या भरल्याशिवाय पुढे सरकताच येत नव्हतं. नाचाला पानं कुठून आणायची? म्हणून मी वही उघडली. पानापानावर पावलांची छोटी चित्रं, डावं पाऊल लाल, उजवं निळं. एका गिरकीपाशी खोडून खोडून कागद इतका विरला होता की पलीकडच्या पानावरचा निळा रंग दिसत होता. ती वही पाहिल्यावर पृष्ठसंख्येच्या रकान्यात शून्य टाकणं मला जमेना. आम्ही पत्रकच बदलून घेतलं. आता तिथे 'कालावधी' असाही रकाना आहे, आणि तिच्या नावापुढे 42 मिनिटे अशी नोंद आहे.

काही कामं एका माणसाच्या आयुष्यात मावत नाहीत. शिकागो विद्यापीठाने अक्कादी या प्राचीन मेसोपोटेमियातल्या (आजच्या इराकच्या भागातल्या) भाषेचा कोश 1921 मध्ये हाती घेतला, तो 2011 मध्ये पुरा झाला. 90 वर्षं आणि 21 खंड! तो सुरू करणारे जेम्स हेन्री ब्रेस्टेड 1935 मध्येच वारले. पुढच्या पिढ्या शब्दांच्या नोंदींच्या चिठ्ठ्या लावत राहिल्या.

नुसते आकडेही मोठं काम असू शकतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या स्क्रिप्स संस्थेतल्या चार्ल्स कीलिंग यांनी 1958 मध्ये हवाईतल्या मौना लोआ या ज्वालामुखी पर्वतावर हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायला घेतला. तेव्हा तो हवेच्या दहा लाख भागांत 313 च्या आसपास होता, आता 420 च्या वर गेलाय. मोजणी अजून चालू आहे. पण अशा नोंदी वर्षानुवर्षं सांभाळणाऱ्यांची नावं बहुतेक वेळा निबंधाच्या शेवटी आभारात असतात आणि बढतीच्या वेळी निबंधच मोजले जातात. मला हे अजिबात पटत नाही.

स्वतः पाहायचं असेल तर विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर रिपॉझिटरी, म्हणजे जमा झालेल्या कामांचा ऑनलाइन संग्रह, शोधा. बऱ्याच ठिकाणी प्रबंध विनामूल्य वाचता येतात. आणि प्रबंध मागून उघडा. प्रस्तावना परीक्षकांसाठी घासूनपुसून लिहिलेली असते. परिशिष्टात मुलाखती, शब्दसूच्या, फसलेल्या प्रयोगांचे तक्ते जसेच्या तसे सापडतात. भाषाशास्त्राच्या एका प्रबंधात मला अशीच पावसाच्या शब्दांची चार पानं मिळाली. भुरभुर पावसाला एक शब्द, वाऱ्यासोबत तिरक्या येणाऱ्या सरीला दुसरा, पाऊस थांबल्यावर झाडावरून गळत राहणाऱ्या थेंबांना तिसरा. मुख्य प्रबंधात त्यांतले तेवढे तीनच आले होते.