कुड्याच्या सालीत काय असतं, हे विचारणारा मुलगा

दादा, नमस्कार. पत्र वाचलं तुमचं. पाटणकडचे तुम्ही, मुलगा बारावी सायन्सला, पीसीबी, आणि पोट बिघडलं की आजी कुड्याची साल ताकात उगाळून द्यायची ते बघून तो धरून बसलाय की मी सालींचाच अभ्यास करणार. तुमचं म्हणणं बीएएमएस करावं, निदान दवाखाना तरी टाकता येईल.

मला विचाराल तर त्याचा प्रश्न वैद्याचा नाही, केमिस्ट्रीवाल्याचा आहे. कुणाला किती द्यायचं हे वैद्य बघतो, हा विचारतोय आत काय आहे. कुड्याच्या सालीत कोनेसीन नावाचं अल्कलॉइड, म्हणजे वनस्पतीतलं नायट्रोजनवालं रसायन असतं, अर्जुनाच्या सालीत टॅनिन, म्हणजे तुरट चव देणारं द्रव्य, आणि अर्जुनोलिक ॲसिड. आणि हे घरात सगळ्यांना सांगा, कॅन्सरवरचं टॅक्सॉल यू नावाच्या झाडाच्या सालीतनं ज्या दोघांनी शोधलं त्यातले एक मनसुख वाणी, जन्म आपल्या नंदुरबारचा. रचना छापून आली १९७१ ला आणि अमेरिकेत औषध म्हणून मान्यता मिळाली १९९२ ला, म्हणजे मधे २१ वर्षं गेली.

म्हणून त्याला काम काय असतं ते आधी कळू द्या. साल सावलीत वाळवायची, दळायची, सॉक्सलेट नावाच्या अर्क काढायच्या काचेच्या उपकरणात मेथॅनॉल तासन्‌तास फिरवत ठेवायचं, मग ते मेथॅनॉल उडवलं की तळाला चिकट तपकिरी अर्क उरतो, त्यात फेरिक क्लोराईडचा थेंब टाकला आणि निळं-काळं झालं की समजायचं टॅनिन आहे. इथपर्यंत मजा येते. पण पुढं तो अर्क जंतू वाढवलेल्या प्लेटवर टाकला आणि जंतू मेले म्हणजे औषध सापडलं असं नसतं हो, किती मात्रेत मेले, त्याच मात्रेत आपल्या चांगल्या पेशी मरतात का, नेमक्या कुठल्या घटकानं मेले, हे बघण्यात वर्षं जातात.

सीईटी नीट देऊ दे, कराडचं गव्हर्नमेंट फार्मसी तुम्हाला जवळ आहे, बीफार्म करून पुढं जीपॅट ही एमफार्मची प्रवेश परीक्षा देऊन एमफार्मला फार्माकोग्नोसी, म्हणजे वनस्पतींतल्या औषधांचा अभ्यास, घ्यायची, मी हाच रस्ता सांगीन कारण संशोधनात मन नाही रमलं तरी कंपनीत क्यूसीला, म्हणजे मालाचा दर्जा तपासायला, नोकरी मिळते. नाही नंबर लागला तर बीएस्सी केमिस्ट्री, नुसतं बॉटनी नको.

आणि आत्ता सुट्टीत साल काढायला जाईल तेव्हा एका बाजूनं बोटभर पट्टीच काढायला सांगा, बुंध्याला गोल कडं काढलं की झाड वाळतं.