वन-फूट हाय किक (उडी घेऊन टांगलेल्या चेंडूला एका पायाने मारायचा अलास्कातला खेळ) घरी शिकता येते का, आणि असल्या खेळांचा पुढे उपयोग काय?

येते. पण "उपयोग काय" वाचलं आणि आमचे धाकटे दीर आठवले, तेव्हा आधी तेच.

आम्ही अँकरेजला राहतो. अलास्कातल्या शाळकरी मुलांचं नेटिव्ह यूथ ऑलिंपिक्स इथे 1972 पासून भरतं. खेळ इथल्या मूळ लोकांचे, पण भाग कोणत्याही समाजाच्या मुलांना घेता येतो. आमची लेक नववीत शाळेच्या संघात होती आणि दीर नेमके तेव्हाच पुण्याहून आले होते. हॉलमध्ये टेकल्यापासून त्यांचं सुरू: "वहिनी, हे खऱ्या ऑलिंपिकमध्ये आहे का? स्कॉलरशिप मिळते? नाहीतर टेनिसला घाला की तिला."

लेकीची किक आली. टांगलेला चेंडू, दोन्ही पायांनी उडी घ्यायची, एका पायाने चेंडूला लागायचं आणि त्याच पायावर उतरून तोल सांभाळायचा. प्रत्येक उंचीला तीन संधी. पहिल्या दोन हुकल्या. तेवढ्यात तिच्याशीच चुरस असलेली, अलास्कातल्याच कोत्झेब्यू गावाकडची एक मुलगी उठून आली आणि तिला दाखवायला लागली: तू फार चेंडूखाली जातेस, जरा मागून उडी घे. तिसऱ्यांदा लागला. पुढच्या उंचीला आमची बाद झाली, तेही सांगते. दीरांचा शेरा: "बावळट आहे ती पोरगी. प्रतिस्पर्ध्याला शिकवतं का कोणी?"

शिकवतात! इथे सगळेच शिकवतात, प्रशिक्षकसुद्धा दुसऱ्या संघाच्या मुलांना. हे खेळ शिकारीतून आलेत. दोन पायांची किक ही व्हेल मिळाल्याची खूण: निरोप्या लांबूनच दोन्ही पाय हवेत उडवायचा, गावाला कळायचं. नील जंप, म्हणजे गुडघ्यांवर बसून मारायची उडी, ही पायाखालचा बर्फ तडकला तर गुडघ्यांवरून एका झटक्यात उभं राहण्याची तयारी. अशा ठिकाणी बरोबरचा माणूस कच्चा राहिला तर उपाशी सगळेच राहणार. त्याला तरबेज करण्यात कसलं आलंय नुकसान? दीरांना हे कळत नाही, कारण त्यांच्या लेखी खेळ म्हणजे अर्जात लिहायची एक ओळ.

आता तुमचं. जुन्या मोज्याचा गोळा दोरीला बांधून कमरेच्या उंचीला टांगा. उंची वाढवायची घाई नको. मारलेल्या पायावर न डगमगता उतरता येईपर्यंत तिथेच राहा. बाकी सरावाने येतं.

आणि हो, फरशीवर अजिबात नको, खाली मॅट हवी. घोटा किंवा गुडघा आधीच दुखत असेल तर डॉक्टरांना विचारा. कानात दोरा अडकवून ओढायचा खेळ व्हिडिओत पाहिला असेल, तो घरी करू नका. वेदना सोसण्याची ती मोठ्यांची परीक्षा आहे, शाळांच्या स्पर्धेत तो नसतोच.

घरात कोणी टेनिसचं काढलं तर त्यांना एक नील जंप मारून दाखवायला सांगा. दीरांना सांगितली होती. त्यांनी पाठीचं कारण दिलं.